आमच्या कलारीचा दगड

चांद्याचं नाव निघालं की कुणी परकोटाचं सांगतं, कुणी चैतातल्या यात्रेचं. मी दारूच्या दुकानांचं सांगते. बाईमाणसाच्या तोंडून हे ऐकून लोकांच्या भुवया वर जातात, त्या जाऊ द्याव्यात. मी जन्मात एक थेंब घेतलेला नाही. पण मी कलारीवाल्याच्या घरची सून. कलारी म्हणजे परवान्याचं मोहाच्या दारूचं दुकान. शहराच्या कुठल्या वेशीला काय मिळतं आणि कोण पितं, हे मला त्या दिवसांत माहेरच्या वाटेपेक्षा नीट ठाऊक होतं.

जटपुऱ्याच्या वेशीबाहेर शिंदीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका चिंचेखाली ओळीनं मांडलेली मडकी. शिंदी पहाटे झाडावरून उतरायची आणि ऊन चढलं की आंबायची, म्हणून तिथली गर्दी सकाळची. विकणारे तेलगू बोलायचे, पिणारे मराठी, आणि भांडायची वेळ आली की दोघेही हिंदीत भांडायचे. पठाणपुऱ्याकडच्या कलारीत विणकर बसायचे. ते इतकं कमी बोलायचे की बाहेरून जाणाऱ्याला आत भजन संपून प्रसादाची वाट बघणं चाललं आहे असं वाटावं. खाणीच्या वाटेवर टिनाचं एक दुकान होतं, तिथं बसायला बाक म्हणून नव्हता. पाळीवरून सुटलेला माणूस एकदा बसला की उठत नाही, हे त्या मालकाला पक्कं कळलं होतं. झरपट नदीच्या काठी एक होतं, त्याची दारू पाणचट, पण तळलेले झिंगे असे की लोक त्यासाठीच जातात म्हणत.

हे सगळं मला सांगितलं सासूनं. भाजी चिरता चिरता ती एकेका दुकानाची अशी काही उणीदुणी काढायची की मला पदर तोंडात धरावा लागायचा.

आमची कलारी मूल गावाकडून येणाऱ्या गाडीवाटेवर होती. बांबू, हिरडा, डिंक, मोहफुलं भरून गडचिरोलीच्या पलीकडच्या रानातून गाड्या यायच्या, आणि शहरात शिरण्याआधी बैल आमच्यासमोर सुटायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकानाच्या उंबऱ्याजवळ एक सपाट काळा दगड होता. पळसाच्या पानाच्या दोन्यात दारू घ्यायची, ओठाला लावण्याआधी तिची बारीक धार त्या दगडावर सोडायची, आपल्या मेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावानं, आणि मगच घोट घ्यायचा. ही रीत गोंड गाडीवानांची, पण आमच्याकडे ती सगळ्यांनीच उचलली. माझे सासरे, ज्यांनी ही कलारी उभी केली, ते गेल्यावर गिऱ्हाइकं एक धार मालकाच्या नावानंही सोडू लागली.

दगडाचं हे मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. घरच्या सुनेनं पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, मी त्यांना बघितलंही नाही. दुकानावर गादीला सासू बसायची, आणि ती बसली की मोठमोठे गाडीवान आवाज खाली आणायचे.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग दारूबंदी आली. दारू बंद झाली असं मी म्हणणार नाही, ती रानात गेली. दुकानं मात्र गेली. चिंचेखालची मडकी उठली. विणकरांच्या कलारीत पिठाची चक्की लागली. खाणीच्या वाटेवरचं टिनाचं दुकान कुणीतरी टिनासकट उचलून नेलं. झरपटीवाल्यानं नुसते झिंगे विकायला घेतले, तेव्हा ते कुणी खाईना. दारूशिवाय खाल्ल्यावर लोकांना कळलं की झिंगेही तसे बेताचेच होते.

आमच्या घरी सासूनं अंथरूण धरलं. तिला आजार काही नव्हता. गादी गेली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं, एवढंच. माझे यजमान लाकडाच्या डेपोवर कामाला, आठवड्याच्या बाजाराला तेवढे घरी. म्हणून गावाहून भासरे आले, म्हणजे माझे मोठे दीर. वैनगंगेकाठी धानाच्या बांध्या तेच सांभाळायचे. दारात उभं राहून त्यांनी निकाल दिला.

"इथी आता काय ठेवलं हाये? दसऱ्याले गाडी घेऊन येतो. तवरोक काई जमलं तं ठीक, नाई तं कुलूप लावू अन् सारे गावाले चालू."

मला गावच्या त्या घरात जायचं नव्हतं, हे सरळच सांगते. तिथं तीन जावांच्या खालची चौथी म्हणून मी पाणी भरत म्हातारी झाले असते. इथं चूल माझी होती. मला हे शहर आवडत होतं, त्याच्या वेशी, त्याचा गलका, रानातून येणाऱ्या गाड्यांचा वास.

पण भासऱ्याशी सुनेनं बोलायचं नसतं. मग मी डोक्यावर पदर ओढून चुलीशी बोलले, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "चुले, पुढच्या खोलीत चहाचं दुकान टाकलं तं कसं होईन?"

बोलली ती सासू, भिंतीकडे तोंड करूनच.

"ह्या घरात चहा इकाचा नाई."

"मंग काय इकाचं, माय?"

"काईच नाई."

बाजाराला यजमान आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तू पाह्य." नवऱ्यानं एवढं म्हटलं की बाईला पुरतं. दुसऱ्या दिवशी मी पुढची खोली राखेच्या पाण्यानं खसाखसा धुऊन काढली. बाक मांडले, कप आणले. शेगडीला जागा शोधत होते, तर उंबऱ्याजवळ तो दगड. सपाट, वाऱ्याच्या तोंडाला, रस्त्यावरून दिसेल असा. जणू शेगडीसाठीच कुणी बसवला होता. मी तो घासूनपुसून लखलखीत केला आणि वर शेगडी ठेवली. आपल्याच अकलेचं कौतुक करत आधण चढवलं.

कुणी आलं नाही. म्हणजे आले, बैल सोडले, पायऱ्यांवर बसले, पाणी मागितलं, पाणी प्याले, माझ्याकडे आणि शेगडीकडे बघितलं आणि उठून गेले. मी आलं घातलं. गवती चहा घातला. म्हशीचं दूध लावलं, साय घातली. एकदा तर इतका घट्ट केला की चमचा उभा राहिला असता. वेशीजवळच्या हॉटेलात हीच माणसं बशीत ओतून फुर्र फुर्र चहा पिताना मी डोळ्यांनी बघितली, आणि माझं डोकं फिरलं. दसरा जवळ येत होता. दर संध्याकाळी मी पातेलंभर चहा मोरीत ओतायची आणि आतून सासूचा खोकला यायचा. तो खोकला खोटा होता.

पायऱ्यांवर बसणाऱ्यांत एक म्हातारा गोंड गाडीवान होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, सगळे त्याला मानायचे. एका दुपारी मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, माह्या चहात का विष हाये?"

"नाई बाई. चांगलाच असन."

"मंग काऊन पेत नाई?"

त्यानं दगडाकडे बोट केलं. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "तू आमच्या बुढ्यायच्या डोक्यावर शेगडी ठेवली, बाई. आमी कसं बसाव तिथी?"

आणि त्यानं मला धारेची ती सगळी रीत सांगितली. तशीच पेटती शेगडी मी पदरानं धरून उचलली, हात पोळला, पदर जळला. दगडावर घागरभर पाणी ओतलं.

"आता?"

"आता बसतो. पन पेत नाई. इथी त्यायले देल्याबिगर आमी कधी घोट घेतला नाई. अन् चहाची धार कशी द्याव? त्यायनं चहा पाह्यला तरी होता काय? आमचा पेन रागवन." पेन म्हणजे त्यांचा देव.

"वेशीवर तं पेता."

"तिथी आमचे बुढे कुठी हायत?"

मी म्हटलं, पाण्याची धार द्या. तो म्हणाला, पाणी तं नदीतही हाये. मी आत जाऊन सासूच्या उशाशी उभी राहिले.

"माय, तुमाले त्या दगडाचं ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् मले सांगितलं नाई."

तिनं कूस बदलली. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. तोंडातून एक शब्द काढला नाही, कारण काढला असता तर पुष्कळ निघाले असते.

दसऱ्याला सकाळीच भासरे गाडी घेऊन आले. बैलांच्या शिंगांना तेल, गळ्यात झेंडूच्या माळा. त्यांनी एकेक भांडं बाहेर काढायला सुरुवात केली. पायऱ्यांवर तो म्हातारा आणि पाच-सहा गाडीवान सणाचे फेटे बांधून बसले होते, आमचं घर उठताना बघत. मी शेगडी पेटवून आधण ठेवलंच होतं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. हटून बसले होते, बस.

"ते आधण उतरव म्हना तिले," भासरे मला न बोलता भिंतीला म्हणाले.

"चुले, तू पेटलीच राह्य," मी म्हटलं.

एवढ्यात सासू बाहेर आली. बंदी झाल्यापासून तिनं पुढच्या खोलीत पाय ठेवला नव्हता. केस विंचरलेले, हातात कान तुटलेला एक जुना कप. तो मी घरात कधी बघितला नव्हता. तिनं कप माझ्यापुढे धरला. मी चहा गाळला. ती उंबऱ्यापर्यंत गेली, वाकली, आणि दगडावर चहाची बारीक धार सोडली.

पायऱ्यांवरची माणसं ताडकन उठली.

"बुढीमाय, काय करून राह्यली?" म्हातारा म्हणाला.

"मालकाले देऊन राह्यली."

"मालकाले चहा?"

सासू सरळ उभी राहिली. तिचा गादीवरचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

"मालक गेला तवापासून तुमी त्याच्या नावानं इथी दारू वतून राह्यले. मी गप आयकत होती. त्यानं जन्मात कधी तोंडाले लावली नाई. वासानं त्याले मळमळे. रोज सकाळी, दुकान उघडाच्या आधी, मांगच्या खोलीत दार लावून आमी दोघं चहा पेत होतो, ह्या कपात तो अन् बशीत मी. कलारीवाला चहा पेते म्हनून लोक हासतीन, म्हनून कोनालेच सांगितलं नाई. पोरायलेही नाई. तो चहा माह्या अन् त्याच्यातला होता, म्हनून इकू देत नव्हती."

ती थांबली. कपाची कड तिनं पदरानं पुसली.

"इतके साल तो बिचारा तुमची दारू सोसून राह्यला. आज त्याले त्याच्या मनाचं भेटलं. तुमचे बुढे रागावले तं त्यायले समजवाचं काम त्याचं. ह्या जाग्याचा मालक तो होता."

भासरे परात खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. म्हातारा दगडाकडे बघत विचार करत राहिला, आणि ते त्याला पटत गेलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं माझ्याकडे हात केला. मी कप दिला. वाकून त्यानं धार सोडली.

"मालक," तो दगडाला म्हणाला, "आमच्या बुढ्याले सांगजो, गोड हाये."

आणि प्याला. त्याच्यामागून बाकीचे आले, एकेक धार, एकेक घोट, आणि कप कमी पडले तेव्हा एकानं धावत जाऊन पळसाची पानं आणली. भासऱ्यांनी परात खाली ठेवली होती. आपला बाप चहा प्यायचा हे त्या एवढ्या मोठ्या माणसाला आज कळलं होतं. ते दगडाजवळ उकिडवे बसले आणि डोळे पुसू लागले, आणि मी, जिनं त्यांच्यासमोर पदर पडू द्यायचा नाही, ती मी पदर सावरायचं विसरून हसत होते. इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते. शहरातल्या त्या सगळ्या दुकानांत एक उरलं, आणि ते आमचं उरलं. याचा मला तेव्हा गर्व झाला आणि तो आजही मी लपवत नाही. दुपारी भासऱ्यांची गाडी रिकामी गावाकडे गेली.

सासू गादीवर बसली होती. दार सताड उघडं, समोर रस्ता, रस्त्यावर दसऱ्याची गर्दी. त्या कान तुटलेल्या कपात तिनं पुन्हा चहा घेतला आणि सगळ्यांदेखत, घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

"साखर कमी हाये," ती मला म्हणाली.

मी साखर घातली.