पखवाजाची पुडी आणि बास गिटार

माझ्या नवऱ्याच्या आयुष्यात मी दुसरी. पहिली बास गिटार. लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट आमच्यापासून शिताफीने दडवली गेली. मुलगा कुडाळला कचेरीत कारकून, घरची भातशेती, चार काजूची झाडं, वडील देवळात भजनाला पखवाज वाजवतात आणि मुलगा निर्व्यसनी. निर्व्यसनी ऐकून माझ्या आईचा जीव भांड्यात पडला होता. लग्नानंतर एका रविवारी ह्यांनी माळ्यावरून काळी लांबलचक पेटी उतरवली, उघडली, आतल्या गिटारीवरून धोतराचं फडकं धरलेला हात फिरवला, आणि तो हात बघून मी ओळखलं की माझ्या आईला फसवलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा रेल्वे नव्हती, पण ऑर्केस्ट्रा होता. कुडाळच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या एका हौशी माणसाने तो काढला होता. त्याला सगळे मालक म्हणत. तो ॲकॉर्डियन वाजवायचा, गायला कोणी नाही मिळालं तर गायचाही, आणि ते ऐकून पुढच्या वेळी गायक हमखास वेळेवर यायचे. आमचे हे त्यात बास गिटार वाजवत. चार जाड तारांची ही गिटार चाल वाजवत नाही, गाण्याच्या खालून चालत राहते. ती असते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, पण बंद पडली की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. निदान हे मला असं समजावून सांगत. मी त्यांच्या कार्यक्रमांना जायचे, कान देऊन ऐकायचे, आणि खरं सांगायचं तर मला ती कधीच ऐकू आली नाही.

दोष ह्यांचा नव्हता. त्या वेळी मंडपवाला सगळ्या वाद्यांचा आवाज भोंग्यांतूनच काढायचा. भोंगे माडाला बांधलेले. त्यातून बाई गायली तर पलीकडच्या वाडीत कळायचं, पण बास गिटार म्हणजे कोणीतरी लांब कुठेतरी पत्र्यावर बोट वाजवतंय असं वाटायचं. एकदा मालक तालमीत सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाला, "तुमी दिसतास बरे, पण आयकाक येणास नाय." सगळे हसले. हेही हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

तिथून ह्यांनी हट्ट धरला. आणि हट्ट धरलेला हा माणूस बघण्यासारखा असायचा, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते. शेजारचा मुलगा बोटीवर होता. त्याला सांगून ह्यांनी परदेशातून दोन पेडल मागवली. पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी पत्र्याची डबी, गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मधे जोडायची आणि पायाने दाबून चालू-बंद करायची. एक डबी जोरात आणि हळू वाजलेले सूर एकसारखे करायची, म्हणजे कुठलाच सूर गर्दीत हरवायचा नाही. दुसरीला बारीक सरकपट्ट्या होत्या, त्यांनी खालचे आवाज वाढवता यायचे आणि किरटे कमी करता यायचे. हे आंघोळीहून आले की ओल्या केसांनीच त्या पट्ट्या केसभर वर, केसभर खाली करत बसत. मी भाजीत मीठ विसरले तर ह्यांना कळत नसे, पण पट्टी जरा हलली की शेजारच्या खोलीतून ओरडत येत.

घरात भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सासऱ्यांनी पेडल पाहिलं आणि विचारलं, "वाद्याक पाय लावतंस?"

झालं. आमच्या घरात पखवाजाला चुकून पाय लागला तर माणूस दहादा हात जोडतो. दसऱ्याला पुस्तकं, कोयती आणि पखवाज यांच्या ओळीत ती पेडलंही पाटावर बसली, त्यांना हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि एकदा पुजलेल्या वस्तूवर चप्पल ठेवणार कोण? मग ह्यांनी तोड काढली. पेडल स्टुलावर ठेवायचं आणि हाताने दाबायचं. वाजवायला दोन हात लागतात, हे हा शहाणा माणूस विसरला. ऐन गाण्यात वाकून पेडल दाबायचे, तेवढ्यात दोन ठोके निसटायचे, आणि तबलेवाला वळून बघायचा. ऑर्केस्ट्रात वाकून नमस्कार करत बास गिटार वाजवणारा माणूस साऱ्या कोकणात एकच असेल, तो माझ्या नशिबी.

तरी भोंगा तो भोंगाच. मग ह्यांनी स्वतःची स्पीकरची पेटी करायची ठरवली. सुताराकडून फणसाच्या फळ्यांची कमरेएवढी पेटी करून घेतली आणि आत बसवायचा मोठा स्पीकर आणायला कोल्हापूरला गेले. येताना एसटीत फोंडाघाट उतरेपर्यंत तो स्पीकर मांडीवर धरून बसले होते. शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. ती म्हणे सारखी ह्यांच्याकडे बघत होती, की हा बाप्या आपल्यापेक्षा जपून काय धरून बसलाय.

पेटी पडवीत उभी राहिली. आवाज सुधारला, पण मनासारखा होईना. आणि वेळ उरला नव्हता. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांची सत्यनारायणाची पूजा जवळ आली होती, तिथे दरवर्षी आमचा ऑर्केस्ट्रा असायचा. मालकाने स्वच्छ सांगितलं होतं की मुंबईला एक नवीन यंत्र आलंय, पियानोसारखं, एकच माणूस डाव्या हाताने बासही वाजवतो. "ह्या पूजेक तुमचो बास आयकाक इलो तर बरा. नाय तर ता यंत्र आणतंय. तुमी मगे झांज घेवा." म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही कळलं. कचेरीत दिवसभर फायलींचे कान धरून बसणाऱ्या ह्या माणसाकडे स्वतःचं असं तेवढंच होतं.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी हे पडवीत वाजवत बसले होते. सासरे भजनाहून आले. गिटार घरात आल्यापासून त्यांनी तिला 'तो दांडो' याखेरीज नाव दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते पायरीवर थांबले, खूप वेळ ऐकलं आणि म्हणाले, "उथळ वाजता."

मग सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि मी चपात्यांना मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा उचलला. पखवाजाला डाव्या बाजूला, जिला आमच्याकडे धुमो म्हणतात, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. त्या वजनाने कातडं जड होतं आणि आवाज खोल उतरतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, हा नियम. सासऱ्यांनी स्पीकरवरचा कपडा बाजूला केला, आतल्या काळ्या पुठ्ठ्याच्या कोनावर मधोमध कणीक थापली, अंगठा ओला करून कडा बसवल्या.

"आता वाजव."

ह्यांनी एक तार छेडली. फळीवरची माझी पितळेची कळशी गुणगुणायला लागली. एवढी वर्षं मी नवऱ्याचं वाजवणं ऐकत होते असं समजत होते, ते सगळं खोटं होतं. हे काय वाजवतात ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि हातात लाटणं घेऊन मी तशीच पडवीच्या दारात उभी राहिले. दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं.

सासरे डोळे मिटून बसले होते. हे थांबले तसे त्यांनी खरवडायला अंगठा पुढे केला. हे म्हणाले, "बाबा, उद्या परत अशीच बसात काय?" सासऱ्यांनी अंगठा मागे घेतला. जन्मभर वाजवून झाल्यावर पखवाजाची कणीक काढल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा माणूस, तो म्हणाला, "रवांदे मगे."

सकाळी मी पडवीत गेले तर उंदराने कणीक साफ केली होती, आणि कणकेबरोबर खालचा पुठ्ठाही. कोनाला तळहाताएवढं भोक. मी तोंडाला येईल ते बोलले. उंदराला बोलले, चुलीपाशी लोळणाऱ्या मांजराला बोलले, पडवीला बाहेरून दार न लावणाऱ्या ह्यांच्या सात पिढ्यांना बोलले. हे पायरीवर बसून राहिले. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. कोल्हापूरची गाडी कधीच सुटली होती, आणि मिळाली असती तरी परत यायला दुसरा दिवस उजाडला असता. शेवटी एवढंच म्हणाले, "झांज तर झांज."

सासऱ्यांनी आतून पखवाज आणला. मांडीवर घेतला, कातड्याला ताण देणारे लाकडी गठ्ठे काढले आणि चामड्याच्या वाद्या सोडवायला लागले.

"बाबा, तुमी काय करतास?"

"पुडी काढतंय." पुडी म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचं कातडं. धुम्याची ती एकच पुडी घरात होती, नवी मिरजेहून मागवावी लागायची.

"एकादशी इली. भजन आसा."

"एकादशी परत येतली," सासरे म्हणाले. "तुझो हो कार्यक्रम परत येवचो नाय. कणीक रवांदे म्हणान मीच सांगलंय."

त्यांनी कातडं भिजवलं, काचेच्या तुकड्याने खरवडून पातळ केलं, भोकापेक्षा बोटभर मोठं गोल कापलं आणि सुताराच्या गोंदाने कोनावर बसवलं; कणकेचं वजन आता ते कातडं देणार होतं. स्पीकर खळ्यात उन्हात ठेवला. डोकं दुखतंय असं मी शिकवायचे त्या शाळेत कळवलं आणि हातात हीर, म्हणजे माडाच्या पातीची काडी, घेऊन राखणीला बसले, कारण ओलं कातडं म्हटल्यावर कावळे, कोंबड्या आणि तेच मांजर, सगळ्यांना अगत्य वाटायला लागलं होतं. दुपारी पेटीत स्पीकर बसवला आणि मी तिच्या कोपऱ्यांत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. पुढे ती पेटी जिथे जाई तिथे कपाटातल्या शालूचा वास यायचा.

निघताना ह्यांनी स्टूल उचललं. सासरे म्हणाले, "ता स्टूल ठेव. पायान दाब."

"बाबा, वाद्याक पाय?"

"आदी हात लाव, नमस्कार कर, मगे पाय लाव. मी सांगतंय मा."

त्या संध्याकाळी मंडपात व्यापाऱ्यांच्या बायका, पोरं, प्रसादाचे द्रोण, सगळी गर्दी. भोंगे माडावर होतेच. पण फणसाची पेटी रंगमंचावर पुढे होती. ह्यांनी वाकून दोन्ही पेडलांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. पहिल्या गाण्यात मधे गायक थांबतो आणि बास एकटाच चालत येतो अशी जागा होती. दरवर्षी त्या जागेला लोक आपापसात बोलत. त्या वर्षी ह्यांनी पेडल दाबलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. माझ्या हातातल्या द्रोणात शिरा थरथरला. मागे उभ्या असलेल्या माणसांनी मान वर करून बघितलं की हे कुठून येतंय. ते माझ्या नवऱ्याकडून येत होतं. मी रडले. का नाही रडायचं?

कार्यक्रम संपल्यावर मालक पेटीजवळ आला, वाकून आत बघितलं, शिंकला आणि म्हणाला, "ता यंत्र मुंबयकच रवांदे."

सासरे खांबाला टेकून बसले होते. घरी येताना फक्त एवढं विचारलं की पेटी बैलगाडीत मावेल का. का विचारलं ते आम्हाला एकादशीला कळलं.

एकादशीला त्यांनी पखवाज घेतला. धुम्याचं तोंड उघडं पडलेलं, त्याला फडकं बांधलेलं. ह्यांना म्हणाले, "माझो धुमो तुझ्या पेटयेत गेलो. घेवन ये तेका देवळात." पेटी बैलगाडीतून देवळात गेली. एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, देवासमोर हे इंग्रजी वाद्य कशाला. सासरे म्हणाले, "तेच्यात माझी पुडी आसा," आणि टाळकऱ्यांना सुरू करायला सांगितलं.

त्यांचा उजवा हात पखवाजावर चालला. डाव्या हाताला वाजवायला काहीच नव्हतं, पण जन्माची सवय, तो पडायच्या वेळी मांडीवर पडतच राहिला. हे त्या हाताकडे टक लावून बसले होते. तो हात मांडीवर पडला की ह्यांचं बोट तारेवर पडायचं, आणि धुम्याचा आवाज पेटीतून यायचा. एकदाही पुढे नाही, मागे नाही. भजन संपलं तेव्हा सासऱ्यांनी आधी पखवाजाला हात लावला, तो कपाळाला नेला. मग पेटीला.

पुढे मिरजेहून नवी पुडी आली. ती कित्येक एकादश्या कागदात गुंडाळून माळ्यावरच पडून होती.