बाबांचे बूट, आईचं जॅकेट आणि आत मी

आमच्या घरात पायाचं खातं बाबांकडं आणि अंगाचं आईकडं आहे. डोक्याचं खातं कुणाकडंच नाही, असं माझी बहीण रेश्मा म्हणते.

बाबा मूळचे होडीवरचे. खडपावर, म्हणजे समुद्राकाठच्या खडकांवर, कालवांचे शिंपले काढताना एकदा असे घसरले की महिनाभर पालथे झोपले. त्या महिन्यात त्यांनी ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापून कॅनव्हासच्या बुटाखाली शिवला. गावातली माणसं आधी हसली, मग पायाचं माप द्यायला दारात उभी राहिली. आईनं होडीवरच्या जुन्या ताडपत्रीचे रेनकोट शिवले. ते मासळीबाजारातल्या बायकांनी हातोहात उचलले. अशी आमची कंपनी सुरू झाली, रत्नागिरीत, आमच्याच पडवीत. पुढं शेड आली, मशिनं आली, ताडपत्री जाऊन चांगलं कापड आलं. माल तपासायची पद्धत मात्र जुनीच राहिली. आई मला रेनकोट घालून नळाखाली उभा करायची. आत शर्ट ओला झाला की शिवण उसवायची आणि कोरडा राहिला की शाळेत पाठवायची. (पावसाळ्याआधी माझी हजेरी फार कमी असे.)

अलीकडं बाजारात तयार स्वस्त माल आला आणि आमची मशिनं अर्धा दिवस गप्प राहू लागली. शिवणाऱ्या बायका कामाच्या आशेनं येऊन बसायच्या आणि आई त्यांना चहा देऊन लवकर घरी पाठवायची. अशात पुण्याहून दामले आले. डोंगर चढणाऱ्यांसाठी लागणाऱ्या सामानाची त्यांची दुकानं आहेत.

"माल सुंदर आहे," ते म्हणाले, "पण माझ्याकडं एकाच गोष्टीला जागा आहे. बूट तरी घेईन, नाहीतर जॅकेट."

आईबाबांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार, पण ती नजर शेजारशेजारच्या दोन दुकानदारांची होती.

"खडपावर जाऊया," बाबा म्हणाले. "बूट चालताना बघा."

"ह्याला जॅकेट घालून ने," आई म्हणाली. "वारा असतो तिकडं."

वारा नव्हता. तरी मी बाबांचे नवे उंच बूट आणि आईचं नवं जॅकेट घालून निघालो. ओहोटी संपत आली होती. शेवाळलेल्या खडकांवरून मी पळालो, उड्या मारल्या, एका पायावर उभा राहिलो. दामले मान डोलवत होते, रेश्मा मोबाईलवर व्हिडिओ घेत होती. इथंच थांबलो असतो तर ही आठवण सांगायची वेळ आली नसती. पण माणसाला टाळ्या मिळायला लागल्या की पाय जमिनीवर राहत नाहीत. माझे चिखलात गेले.

"हे चिखलातसुद्धा चालतात," असं म्हणून मी खडकावरून खाडीच्या गाळात उतरलो. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. चौथं पाऊल अजून बाकी आहे.

"ये आता," बाबा म्हणाले.

"येत नाय."

"म्हणजे?"

"बूट सोडत नाय."

"बघा," बाबा दामल्यांना म्हणाले, "पकड बघा कशी हाय."

बुटांच्या नाडीला दुहेरी गाठ होती आणि ती हातभर गाळाखाली होती. तेवढ्यात भरतीचं पाणी माझ्या मांडीला लागलं. दामल्यांचा चेहरा उतरला.

"अहो, पाणी वाढतंय," ते म्हणाले.

"वाढणारच, भरती हाय," बाबा म्हणाले. "बुटाला पाण्याचं काय नाय."

"बुटाचं राहू दे, पोराचं बघा," आई ओरडली.

शेजारी होडी लावत असलेल्या दोघांनी दोर फेकला. मी धरला, पण गाळानं माखलेल्या हातांतून तो सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. पाणी कमरेशी आलं. आता मला खरंच भीती वाटायला लागली होती आणि बाबाही बुटांबद्दल बोलायचे थांबले होते.

"मेल्या, हातात नको धरू," आई म्हणाली. "मागं मानेखाली पट्टा आहे. त्यातून ओव आणि गाठ मार."

ओवला. होडीवाले, आई, बाबा, दामले, सगळ्यांनी मिळून ओढलं. क्षणभर वाटलं, वरचा अर्धा मी पुण्याला जाणार आणि खालचा इथंच राहणार. मग पाय बुटातून सुटले आणि मी पोटावर घसरत रावसासारखा खडकावर आलो.

आई मला घट्ट धरून बसली. दामले खाली वाकले. मला वाटलं, चौकशी करतील. त्यांनी माझी कॉलर उलटी केली आणि पट्ट्याची शिवण निरखली.

"एक टाका उसवला नाही," ते म्हणाले. "जॅकेट नक्की."

शिवणाऱ्या बायकांना पूर्ण दिवसाचं काम मिळालं म्हणून बाबा खूश होते, पण बुटांचा गाळात झालेला अंत त्यांना सहन होत नव्हता. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोन फळ्या टाकून ते त्यांवरून स्वतः गेले, कोपरापर्यंत हात घालून दोन्ही बूट उपसून आणले. नळाखाली धुतले, सावलीत वाळवले आणि काही न लिहिता दामल्यांना पाठवून दिले.

आठवड्याभरात दामल्यांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"सोल जराही हलला नाही. बूटही घेतो," दामले म्हणाले. "जागा करतो कशीतरी. फक्त एक विनंती. पुढच्या वेळी माल दाखवायला माणूस दुसरा आणा."

आई मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "एकच आहे हो आमच्याकडं. बदलून मिळत असता तर कधीच बदलला असता."