मास्तरांच्या वाट्याची चूक

काही बायका दुकान सांभाळतात, काही बायका नवरा सांभाळतात. रफूवालीला दोन्ही एकदम सांभाळावं लागलं, आणि दोन्हींत जास्त कापड नवऱ्यानेच खाल्लं.

दुकान बोळात होतं, चावीवाल्याच्या टपरीला लागून. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात एका दिव्याखाली तिचं स्टूल, आणि पडद्यामागे घर. पाटीवर नाव नवऱ्याचं, कारण दुकान मुळात त्याचंच. सगळे त्याला मास्तर म्हणत. एके काळी मास्तर खरोखर नामांकित कटर होते. मग तयार कपड्यांची दुकानं आली. मापं देऊन कोट शिवून घेणारे काही मेले, उरलेले काटकसरी झाले, आणि मास्तरांची मोठी कात्री खिळ्याला लटकून राहिली. पण कपडे फाटायचे काही थांबले नाहीत. सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, हे सगळं येतच राहिलं. आणि रफू यायचा तो बायकोला, तिच्या वडिलांकडून शिकलेला. घर तिच्या सुईवर चालायला लागलं आणि तेव्हापासून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

मास्तर बायकोला मारायचे नाहीत. हे ते स्वतःच चारचौघांत सांगत, जणू त्याबद्दल त्यांचा सत्कार व्हायचा राहून गेला होता. ते फक्त फुगायचे. वाढलेलं ताट हाताने सरकवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायचे, "माझं काय, मी आपला पाटीपुरता." मनवायला जावं तर म्हणायचे, "माझी कीव करू नकोस." न जावं तर, "आता विचारायचीही गरज उरली नाही." वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. सकाळी शटर कसं वर गेलं त्या आवाजावरून चावीवाल्याला सगळं कळायचं.

"वहिनी, आज हवा कशी?" तो विचारायचा.

"ढगाळ," ती सुई ओवता ओवता सांगायची. दोघं हसायची, पण आवाज न करता.

एकदा बँकेतल्या बाई आपला लोकरी कोट न्यायला आल्या. त्यांनी तो खालीवर केला, उजेडात धरला, आणि म्हणाल्या, "मास्तर, भोक होतं कुठे तेच मला सापडेना! बाईंच्या हातात जादू आहे हो. बोलवा ना त्यांना बाहेर." मास्तर हसले, "कामात आहे ती," म्हणाले. बाई बोळातून वळल्या आणि मास्तरांनी खिळ्यावरची कात्री काढली. टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची शाल होती, दोन दिवस बसून केलेला रफू तिच्यावर होता. तो त्यांनी कापून काढला. "कच्चा होता," एवढंच बोलले. त्यानंतर आठवडाभर अबोला. तिने शाल पुन्हा भरली, पहिल्यापेक्षा मोठं भोक होतं म्हणून तीन दिवस लागले.

औषध सापडलं ते चुकून. तिला ताप होता आणि एका विजारीच्या रफूत उलट्या बाजूला एक धागा कापायचा राहून गेला. संध्याकाळी मास्तरांनी तपासताना तो पाहिला. "हे काय? हे असं गिऱ्हाइकाला द्यायचं?" त्यांनी तो धागा चिमटीत धरून तिला दाखवला, चावीवाल्याला दाखवला, रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला थांबवून दाखवला. त्यांची कळी अशी खुलली की त्या दिवशी ते शीळ घालत घरात आले आणि येताना तिच्यासाठी संत्री घेऊन आले.

संत्री सोलता सोलता तिने मनाशी ठरवून टाकलं. एका धाग्यात घर शांत राहत असेल तर सौदा वाईट नाही.

तेव्हापासून ती रोज एका कपड्यात मास्तरांच्या वाट्याची चूक ठेवू लागली. ते काम रफूपेक्षा नाजूक होतं. चूक फार सोपी ठेवली तर संशय, फार अवघड ठेवली तर मास्तरांना सापडणार नाही आणि संध्याकाळ वाया. काखेच्या शिवणीजवळ एक सैल टाका, अस्तराखाली एक लोंबता धागा. पुढे मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा ती जाड दोरा वापरायला लागली, मग वेगळ्या रंगाचा. ते शोधायचे, ती "अगं बाई, राहिलंच की!" म्हणायची, नीट करून द्यायची. गिऱ्हाइकाला कपडा चोख मिळायचा. बोळात मात्र हळूहळू झालं असं की बाई धांदरट, मास्तर आहेत म्हणून बरं. लोक म्हणायचे, "तपासून द्या हो मास्तर." तिला सुरुवातीला हसू यायचं. नंतर यायचं नाही, पण तोवर सवय झाली होती.

मुलगी या सगळ्यात इस्त्रीच्या टेबलाखाली वाढली. संध्याकाळी बाप तिला हाक मारायचा, "चला, आईची चूक शोधू!" पोर विजेरी घेऊन धावायची. चूक सापडली की दोघं टाळ्या पिटायची. त्या घरात बाप सगळ्यात जास्त हसायचा तो याच वेळी, म्हणून पोरीला तो खेळ फार आवडायचा. आई कोपऱ्यातून बघायची. पोर लहान आहे, तोंडातून काही निसटलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून तिने पोरीला खरं कधीच सांगितलं नाही. मोठी झाली की सांगू, असं म्हणत राहिली.

मुलगी मोठी झाली, शिकली, आणि तिला एका नाटक कंपनीच्या जुन्या पोशाखांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. त्यासाठी तिने एका इमारतीत वरच्या मजल्यावरची मोठी खोली घेतली. आईला खोली दाखवायला नेलं तेव्हा आई सरळ खिडकीपाशी गेली. काचेतून स्वच्छ, सारखा उजेड येत होता. तिने स्वतःची बाही त्यात धरली. विणीतला एक एक धागा मोजता येत होता.

"इथे मला दिवासुद्धा लागायचा नाही," ती म्हणाली. जन्मात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ही एक जागा तिला हवी होती, आणि हवी आहे हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

मुलीने खोलीला कुलूप लावलं. घरी आल्यावर, मास्तर केस कापायला गेले होते तेव्हा, ती बोलली.

"आई, रफूला मी दुसऱ्या एका बाईंना बोलावलंय. बाबा तपासायला बसतील. तू आता आराम कर."

"आराम कशाला? मी काय आजारी आहे?"

"तुझ्या चुका होतात गं. आपलं दुकान आहे म्हणून चालून जातं. नाटकवाले ऐकून घेणार नाहीत."

तेव्हा आईने सांगितलं. धागा, ताप, संत्री, सगळं. मुलगी आधी हसली, मग थांबली आणि आईकडे कीव आल्यासारखं बघत राहिली. "आई, असं कुणी मुद्दाम करतं का?"

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाटकवाल्यांचा एक कोट दे मला," ती म्हणाली. "सगळ्यात वाईट असेल तो दे."

मुलीने दिलेला कोट कसरीने चाळणी केलेला होता. आईने आतल्या शिवणीतून त्याचेच धागे ओढून काढले आणि उभे, आडवे, एकाखालून एकावरून चार दिवस भरत गेली. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदाच काहीही न राखता काम करत होती. बोटं दुखत होती आणि ती मजेत होती. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि कोट मुलीपुढे ठेवला. मुलीने भिंग घेतलं. समोरून बघितलं, उलटा करून बघितलं, उजेडाला लावून बघितलं. मग तिने आईचे दोन्ही हात धरले.

"खिडकीजवळची जागा तुझी," ती म्हणाली. "आई गं, मला माफ कर. तुझीच."

संध्याकाळी मास्तर नेहमीप्रमाणे तपासायला बसले. त्यांनी कोट चाळला, उलटा केला, दुसरा चष्मा मागवला. पुन्हा पहिल्या बाहीपासून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने त्यांनी कोट हळूच टेबलावर ठेवला.

"छान झालाय," ते म्हणाले. गळ्यातली टेप काढून त्यांनी घडी घातली आणि पडद्यामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ताट परत आलं. मुलगी समजूत घालायला आत गेली आणि ओल्या डोळ्यांनी बाहेर आली.

"आई, बाबा रडतायत."

"रडू दे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

"असं काय बोलतेस? एक धागा सोडला असतास तर काय बिघडलं असतं? तुला येतं ना ते?"

"तूच म्हणालीस, चूक चालणार नाही."

"मला दाखवायचं होतंस, मला दाखवलंस. मला पटलं. त्यांना कशाला दाखवायचा असा? म्हातारपणी?" मुलीने टेबलावरचा कोट ओढला, सुई घेतली आणि कापडावर बोट फिरवायला लागली. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. शेवटी वर बघून वैतागून म्हणाली, "कुठे आहे गं रफू? मला सापडत नाहीये. दाखव ना."

ती मुलीकडे बघत राहिली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने कॉलरखाली एका जागी बोट ठेवलं.

मुलीने सुईच्या टोकाने धागा उपसला, नीट लोंबेल इतका, आणि कोट घेऊन आत धावली. "बाबा! हे बघा, सापडलं! मीच चुकले बघताना."

आत खाटेची करकर झाली. "म्हटलं नव्हतं मी?" मास्तरांचा आवाज खणखणीत होता. "तुझ्या आईवर नजर ठेवायला कुणीतरी लागतंच!" आणि मग ते हसले, आणि मुलगीही हसली.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. आईजवळ बसून, हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दुसऱ्या बाईंनाच घेते मी. तू तिथे बसलीस तर रोज हेच होईल, आणि बाबांना सोसायचं नाही. तू समजूतदार आहेस म्हणून सांगते. तसंही तुला कुठे सवय आहे गं, कुणी वाहवा केल्याची?"

"अगं, ताट आण ते," आतून मास्तर म्हणाले. "गार झालं असेल, गरम करून आण."

तिने गरम करून नेलं.