माळवदावरचे धुराडे

झुंबरबाई धर्मराज उढाण. जन्म १९३४, मृत्यू २००३. राहणार शहागडपासून चार कोसांवरच्या एका लहान गावी, तालुका अंबड. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते; मात्र चूल घालण्यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते.

१९८६ साली अंबडला निर्धूर चुलीचा दहा दिवसांचा वर्ग भरला, तेव्हा बावन्न वर्षांच्या झुंबरबाई रोज एसटीने जाऊन तो पुरा करून आल्या. चुलीच्या मागून नळ काढायचा, मातीच्या सपाट छतातून, म्हणजे माळवदातून, वर न्यायचा, त्यावर टोपी बसवायची, धूर घराबाहेर. गोष्ट एवढीच. ती लोकांच्या गळी उतरवताना मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला. कोणी जाड लाकूड मावत नाही म्हणून कोयत्याने चुलीचे तोंड फोडून रुंद करी, कोणी नळाची टोपी काढून तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवी.

"अगं, चूल हाय का वेशीचा दरवाजा? किती फाकवून राह्यल्या!" असे म्हणत त्या पुन्हा चिखल कालवायला बसत.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र निर्धूर चूल नव्हती. माळवदाला भोक पाडलेले पती धर्मराज यांना मान्य नव्हते. इकडे सून नंदाबाई हिचा खोकला हटेना. अंबडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "हिला धुरातून काढा, नाहीतर दमा जन्माचा सोबती होईल." झुंबरबाईंनी पुढच्या चैत्रात धर्मराज बाजाराला गेलेले पाहून माळवदाला भोक पाडले आणि चूल घातली.

धर्मराज परतले. त्यांनी वर पाहिले. "आता चांदण्या मोजत जेवायचं म्हना."

"मोजा. आकडे येतेत ना तुमाला?"

महिनाभर नंदाबाई न खोकता झोपली. मग एके सकाळी घरात पुन्हा धूर कोंडला.

"वल्या पऱ्हाट्या घातल्या असतील तू," झुंबरबाई सुनेवर उखडल्या.

"न्हाई आत्याबाई, तुराट्या व्हत्या. कडकडीत वाळल्याल्या."

"मंग धूर काय माहेरपणाला आला व्हय?"

दोष आपल्या हाताचा असावा, असे समजून त्यांनी चूल फोडून नव्याने घातली. चूल वाळेपर्यंत नंदाबाईने तीन दगडांवर भाकरी भाजल्या आणि तिचा खोकला दुणावला. नवी चूल पेटवली. धूर पुन्हा घरातच. त्यांनी तीही फोडली. शेजारीण सोनूबाई दारातून म्हणाली, "लोकाच्या घरचा धूर काढती अन् सोताच्या घरी कोंडती!" झुंबरबाई चिखल कालवत राहिल्या. एवढी चिडचिड त्यांनी आयुष्यात कधी गिळली नव्हती.

तिसरी चूलही धुपू लागली. फोडायला फावडे उचलले, पण काय वाटले कोण जाणे, ते टाकून त्यांनी शिडी लावली. माळवदावर जाऊन टोपी काढली. नळात गोणपाटाचा बोळा ठासून बसवलेला होता. वरून मातीने नीटनेटका लिंपलेला.

धर्मराज अंगणात दोर वळत बसले होते.

"ह्ये कुनी कोंबलं?" त्या वरूनच ओरडल्या.

"म्या," धर्मराज मान वर न करता म्हणाले. "किलचनाला बियाची कणसं टांगल्यात. धूर न्हाई लागला तर टोके पोखरतेन. पेरायचं काय, भुसा?"

यात असत्य काही नव्हते. ज्वारीची निवडक कणसे चुलीच्या वर किलचनाला, म्हणजे माळवदाखालच्या फळ्यांना, टांगायची, धुराने काळी पडली की टोक्यांची कीड शिवत नाही, ही त्या घराची पिढ्यांची रीत होती.

"अवं, म्या दोनदा चूल फोडली! तव्हा तोंड उघडाया काय झाल्तं?"

"तू इचारलं न्हाई."

झुंबरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग खाली उतरून सगळी कणसे काढली, मळली, चाळलेली राख व कडुलिंबाचा वाळला पाला घालून दाणे मडक्यांत भरले आणि तोंडे शेणमातीने लिंपली.

"बी बिघडलं तर म्या माझ्या हातानं बोळा कोंबीन. तवर त्या नळाला हात लावला, तर चुलीपुढं तुमी बसायचं. बराबर?"

"बघू," धर्मराज म्हणाले.

पेरणीच्या तोंडावर भाद्रपदात मडक्यांची लिंपलेली तोंडे फोडली. धर्मराजांनी स्वतः दहा दाणे निवडून ओल्या गोणपाटात घातले. नऊ उगवले.

"धुरातलं दहाच्या दहा आलं असतं," ते म्हणाले. पण पेरले तेच.

नंदाबाईचा खोकला दुसऱ्या हिवाळ्यात थांबला. डोळ्यांची चुरचुर राहिली ती राहिलीच. धर्मराज दर वैशाखात कुरकुरत माळवदावर चढून नळातली काजळी काढत, आणि ते काम त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

झुंबरबाईंनी मात्र त्या वर्षी शिडी घेऊन आपण घातलेल्या सगळ्या चुलींचे नळ तपासले. चव्वेचाळीसपैकी एकोणीस नळांत बोळे निघाले. प्रत्येक घरी त्यांनी राख-पाल्याची मडकी भरून दाखवली. सात घरांनी ऐकले. उरलेल्या बारांना त्या २००३ पर्यंत सांगत होत्या.