तीन भाकड शिटा

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, आता काय करणार. पण आमच्या चुलत सासऱ्यांसारखा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल, हे मात्र मी खात्रीने लिहिते.

मी त्यांना मामा म्हणते. महाळुंग्यातलं वावर विकून आम्ही सगळे घोटावड्याच्या पुढे राहायला आलो. त्या वावरात आता बिल्डिंगा आहेत आणि मी तिथेच स्वयंपाकाला जाते. पूर्वी चपला घातल्या की बांधावर. आता दोन गाड्या बदलायच्या, धूर खायचा, पोचेपर्यंतच जीव शिणतो. मामा मात्र सत्तरीत सायकलवर येतात आणि सोसायटीच्या गेटसमोर दगडावर बसून बाहेर पडणाऱ्या गाड्या बघतात. "आपल्या वावरातनं निघतुया, मंग ह्यो धूर आपलाच न्हाई का?" असं त्यांचं म्हणणं. गाडीत एकटा माणूस दिसला की काचेवर टकटक. "सायेब, तीन शिटा भाकड ठिवल्या व्हय?" साहेब काच वर करतात. वॉचमन विचारतो, "बाबा, आरटीओ हो क्या?" मामा म्हणतात, "न्हाई, जुना मालक."

सायकलच्या हँडलला परसातल्या झेंडूची माळ असायची, दसऱ्याला गाडीला घालतात तशी. चारी शिटा भरलेली गाडी निघाली की तिला घालायची. निघायचीच नाही, म्हणून आमच्या देवांना रोज सुकलेली माळ. एकदा निघाली. मामांनी धावत जाऊन माळ घातली. आत एजंट आणि तीन गिऱ्हाइकं, अजून पुढे डोंगराकडे फ्लॅट बघायला चाललेली. एजंट खूश झाला. "काका, तुमची आहे का कुठं जमीन?" मामांनी माळ काढून घेतली.

दिवाळीनंतर त्यांना दम लागू लागला. त्यांच्या लेकाने बजावलं, "दादा, उद्यापास्नं सायकलीला कुलूप." त्या शेवटच्या दिवशी मामा टकटकही न करता नुसते बसले होते. मला बघवेना. मी जिथे पोळ्या करते त्या मॅडम रोज दुपारपाळीला घोटावड्याच्या कारखान्यात गाडीने एकट्याच जातात. चार वर्षं मला ठाऊक होतं, पण तोंड उघडत नव्हतं. त्या दिवशी पोळपाट धुता धुता म्हणून टाकलं, "मॅडम, घरी जाताना मी आणि इथे कामाला येणाऱ्या आमच्या गावच्या दोघी, अशा तिघी तुमच्या गाडीत आलो तर चालेल का?"

मॅडम म्हणाल्या, "अहो ताई, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

गाडी गेटबाहेर आली. मामांनी बोटाने चौघींना मोजलं, मला ओळखलं आणि बावचळले. "सूनबाई, तू व्हय!" मग त्यांनी गाडीला माळ घातली.

मी म्हटलं, "मामा, आता घरी चला की."

"जातो," ते म्हणाले. मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवत होता, एकटाच. "एवढ्या ह्याला इच्यारून जातो."