वसंताचं पथ्य आणि माझी वैद्यकी

मधुमेह झालेल्या वसंताला दारू चालते, हा शोध माझा. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याला गोड आणि दारू दोन्ही वर्ज्य सांगितलं होतं. मी त्यातलं पहिलंच ध्यानात ठेवलं. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. वसंता विशीतला. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून स्वतःच मांडीत इन्सुलिन टोचून घ्यायचा आणि संध्याकाळी आम्हा पिणाऱ्या दोस्तांत येऊन नुसता बसायचा. "लग्नाच्या पंगतीत समदी माझ्याच पानाकडं बघत्यात गड्या, जिलबी घेतली का म्हणून," म्हणायचा. मला दया आली. ग्लास पुढं सरकवत मी म्हणालो, "ही कडू हाय. तुला चालती की रं!" तो इतका मोकळा हसला, की मी स्वतःला वैद्यच समजू लागलो.

मग आष्ट्याला, वसंताच्या घरच्याच गुऱ्हाळावर, भर दुपारी तो जेवणाआधी प्यायला. इन्सुलिन अंगात, पोटात अन्न नाही. घामानं भिजला, बरळला, आडवा झाला. आम्ही म्हटलं, चढली. मी डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात लिंबू पिळलं... तेही बिनसाखरेचं, पथ्य म्हणून! शेजारी काहिलीत गूळ रटरटत होता आणि मी वसंताला त्यापासून जपत होतो. तेवढ्यात त्याची थोरली बहीण सुभद्राक्का भाकरी घेऊन आली. "चढली न्हाई रं, साखर उतरलीया त्याची!" असं ओरडत तिनं मला ढकललं आणि निवलेला गूळ त्याच्या हिरड्यांना चोळला. हळूहळू तो उठून बसला.

पुढं मी नोकरीसाठी साताऱ्याला गेलो. तो पीत राहिला. गुत्त्यात कोणी कुणाच्या पानाकडं बघत नाही. दवाखान्याच्या दोन खेपा झाल्यावर मात्र त्यानं कायमची सोडली. "ये एकदा, नुसता च्या पिऊ," असे निरोप धाडायचा. मी गेलो नाही. बाटलीशिवाय त्याच्याशी काय बोलायचं, हेच मला सुचेना.

गेल्या महिन्यात वसंता गेल्याची तार आली. बाकीचं मागाहून कळलं. सांगलीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना त्याचं जेवण राहिलं, साखर उतरली आणि तो बाकावर कलंडला. थेंबभरही प्यायला नव्हता. गावचे दोघं शेजारून गेले. "वसंता परत टाकून पडलाय," म्हणाले आणि गाडीत बसले. ओळखीचेच होते... म्हणूनच थांबले नाहीत.

तेव्हापासून साताऱ्याच्या खाणावळीत मी कोपऱ्यात जेवतो. माझ्या ताटाकडं कोणी बघत नाही.

परवा आष्ट्याला गेलो. सिरिंज उकळायचं भांडं अक्कानं घासून, होतं तिथंच चुलीजवळ ठेवलंय. तिनं चहा टाकला. मी मोठ्या गंभीरपणे म्हणालो, "बिनसाखरेचा दे अक्का. वसंतासाठी साखर सोडलीय मी."

तिनं दोन चमचे साखर घालून कप माझ्यापुढं आदळला.

"त्यो बोलवत हुता तवा आला न्हाईस. आता साखर सोडून कुनाला दावतोस? गप पी, आन् कप इसळून ठिव."