विड्यातला शेंदूर

आमच्या शाहिरांबद्दल कराडात कुणाला काही विचारायचं असलं, की लोक त्याला सरळ शिंप्याच्या दुकानात पाठवत. तिथं आम्ही तिघं हमखास सापडायचो: स्वतः शिंपी, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले हवालदार आणि मी. मी गुळाच्या पेठेत सौदे पुकारायचो. माझी बोली पेठेच्या दुसऱ्या टोकाला सोडलेल्या बैलांनाही ऐकू जाई. हे फुशारकीनं सांगतोय असं कुणाला वाटलं, तर वाटू दे. आवाज होताच तसा, आणि शाहिरांच्या गाण्याचं वेडही तसंच होतं.

त्या काळी आमच्याकडं डफावर गाणाऱ्यांचे दोन पंथ असत. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला, आणि जत्रेत समोरासमोर बसून कवनांतून एकमेकांना कोडी घालणार. आमचे शाहीर तुऱ्याचे. कोरेगावकडच्या एका लहान गावचे, घरचे शेतकरी. कवन स्वतः रचायचे, चाल स्वतः बांधायचे, आणि वरच्या पट्टीत असे चढायचे की समोरच्याचा डफ आपसूक थांबायचा. मी त्यांच्या मागं जत्रा जत्रा हिंडलो होतो. बायको म्हणायची, एवढं देवाच्या मागं हिंडला असता तर देव भेटला असता. मी म्हणायचो, भेटून तो काय गाणार होता का?

दुकानात वादाला विषय कमी नव्हते. हवालदारांचं म्हणणं, शाहीर कवनं विहिरीवर मोट हाकताना रचतात. बैल धावेच्या उतारावरून खाली जाताना लांब ओळ, मागं सरताना आखूड. शिंप्याला ते मुळीच मान्य नव्हतं. त्याच्या मते ती कवनं चालताना सुचलेली, त्यात अनवाणी पायांचा ठेका आहे. मी दोघांनाही सांगायचो, की तुमच्यापैकी कुणी मोट धरलेली नाही आणि शिंपी तर पानाच्या ठेल्यापर्यंतसुद्धा वहाणा घालून जातो. हवालदारांनी लढाईत, मिसर देशातल्या छावणीत, शाहिरांचं एक कवन तबकडीवर ऐकलं होतं. गाणारा मुंबईचा कुणीतरी, पेटीवर, मधाळ आवाजात.

"आमच्या कंपनीतली पोरं रडली रं," हवालदार म्हणायचे.

"रडतीलच की," शिंपी म्हणायचा. "असलं गुळमुळीत ऐकून मीबी रडलो असतो."

मग आम्ही वर्गणी काढून पाट्या रंगवणाऱ्याकडून शाहिरांचं चित्र करून घेतलं. त्यानं शाहीर कधी पाहिले नव्हते. त्यानं अशा मिशा काढल्या, की त्यांच्या टोकांवर लिंबं ठेवावीत. शाहिरांच्या मिशा विरळ, बोलताना ओठात जाणाऱ्या. आम्ही भांडायला गेलो, तर तो म्हणाला, "एवढ्या आवाजाच्या मानसाला एवढ्या मिशा पायजेतच." आम्हाला ते पटलं. चित्र मशीनच्या वर टांगलं. गिऱ्हाईकं विचारत, हे कुठले पैलवान?

एका गोष्टीवर मात्र आमच्यात कधी वाद झाला नाही: शाहिरांचा आवाज कसा गेला. ते सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. सामना सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या शाहिरांनी एकमेकांना विडा द्यायचा, ही रीत. शाहिरांच्या शेवटच्या सामन्यात समोर कलगीचे म्हातारे शाहीर होते, शेजारच्याच, ओढ्यापलीकडच्या गावचे. त्यांनी विडा दिला, आमच्या शाहिरांनी खाल्ला, आणि तिसऱ्या कवनात आवाज फाटला तो फाटलाच. आता शेंदूर पोटात गेला की गळा जातो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. विड्यात शेंदूर होता. दुसरं काय असणार?

तेव्हापासून कलगीवाल्याला कुणी सामन्याला बोलावलं नाही. त्याच्या हातचं पान कुणी खाल्लं नाही. माझी बहीण त्याच्याच गावात दिलेली. ती सांगायची, संक्रांतीला त्याच्या बायकोच्या घरी हळदीकुंकवाला बायका जातात, नाही म्हणता येत नाही म्हणून. पण तिनं दिलेला विडा येताना विहिरीच्या काठावर ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला जाते, तेव्हा सगळे विडे तिथंच असतात. हे ऐकून मी म्हणालो होतो, बरोबर आहे.

तर शाहिरांच्या आयुष्यावर वग करायचा, ही कल्पना हवालदारांची. शाहिरांच्याच गावच्या जत्रेत, नाचीशिवाय, म्हणजे बायकांनाही बसता येईल. शिंपी अंगानं काटकुळा आणि नाकानं शाहिरांच्या वळणाचा, म्हणून तो शाहीर. कलगीवाला मी. मला ते सोंग फार आवडलं. भल्या माणसाचं सोंग कुणीही घेईल. दुष्टाला आवाज लागतो.

परवानगी घ्यायला आम्ही शाहिरांच्या घरी गेलो. ते गोठ्यापुढं चारा तोडत होते. बोलताना गळ्यातून नुसती हवा यायची. अगदी जवळ गेलं तरच शब्द कळत. आम्ही सगळा वग करून दाखवला. मोटेचा प्रवेश आला तेव्हा ते हसले. विड्याचा आला तेव्हा खाली बघत राहिले आणि म्हणाले, "त्ये कशाला?"

आम्ही भारावून गेलो. परतताना हवालदार म्हणाले, "बघा. वैऱ्याचंबी वाईट तोंडातनं काढत न्हाई. ह्याला म्हंत्यात मोठा मानूस." शाहिरांच्या त्या दोन शब्दांसाठी हवालदारांनी विड्याचा प्रवेश आणखी वाढवला.

जत्रेला रॉकेल मिळत नव्हतं, रेशनचे दिवस. म्हणून कुस्त्या उरकल्यावर, उजेडातच, देवळापुढच्या कट्ट्यावर वग लावला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, शाहीर पुढं घोंगडीवर. कलगीवाले शाहीरही आले होते. देव दोन्ही गावांचा एकच; त्यांना कोण अडवणार? ते दीपमाळेला टेकून एकटेच बसले. त्यांच्या आसपास जागा मोकळी होती, आणि एवढ्या गर्दीत ती मोकळी राहिली होती.

माझं सोंग असं वठलं, की काय सांगू. पानावर चुना लावला, सुपारी घातली, मग कमरेची पुडी सोडून चिमूटभर शेंदूर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. बायकांत कालवा झाला. "शाहीर, खाऊ नगा!" एक म्हातारी शिंप्याला ओरडून सांगत होती. कुणीतरी भिरकावलेलं ढेकूळ माझ्या खांद्यावर फुटलं. मी मनात म्हटलं, वा! याहून मोठं बक्षीस नटाला नाही. आणि मी विडा दोन्ही हातांनी शिंप्यापुढं केला.

तेवढ्यात लोकांची तोंडं माझ्यावरून फिरली. दीपमाळेकडं. "ऊठ तिथनं!" कुणी ओरडलं. "देवाच्या दारात बसतोस व्हय?" चार-पाच तरणे गडी उठले. दोघांच्या पायाला अजून आखाड्याची माती होती. म्हातारा हलला नाही. फक्त डोक्याचं मुंडासं काढून त्यानं मांडीवर ठेवलं, मार खायला बसतात तसं. ते बघून मी पुढं केलेले हात मागं घेतले. सोंगातला दुष्ट मी होतो आणि ढेकळं त्याच्यावर पडणार होती.

त्याच वेळी शाहीर कट्ट्यावर चढले. त्यांनी माझ्या हातातला विडा घेतला आणि खाली टाकला. गडी जागीच थांबले. शाहीर बोलायला लागले, पण पहिल्या रांगेलासुद्धा काही ऐकू गेलं नाही. लोकांना नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले. मग त्यांनी माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"झील धर," ते म्हणाले.

झील म्हणजे, शाहिरानं टाकलेली ओळ मागच्या गड्यानं उचलायची आणि आहे तशी वर न्यायची. त्यात आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, वगळायचा नाही. झीलकरी शाहिराला कधी 'का' विचारत नाही. हयातभर ज्यांच्या मागं हिंडलो, त्यांनी मला झील धरायला सांगितलं होतं. माझी छाती फुगली, हेही खरं आहे.

"ह्यानं मला शेंदूर दिला न्हाई," दीपमाळेकडं बोट करून ते कुजबुजले.

मी मागं बघितलं. हवालदार कनातीआडून हातानं नको नको करत होते. शाहिरांनी दंड दाबला. मी ओळ उचलली.

"ह्यानं मला शेंदूर दिला न्हाई!"

उठलेले गडी एकमेकांकडं बघायला लागले.

"माझा गळा आधीच गेला हुता. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, आता गाऊ नगंस. मी कुनाला सांगितलं न्हाई. गायला बसलो."

मी तेही वर नेलं. माझ्या अंगावर कलगीवाल्याचा अंगरखा होता आणि तोंडात आमच्या शाहिरांचे शब्द होते. लोक एकदा माझ्याकडं बघत, एकदा त्यांच्याकडं.

"लोक शेंदूर म्हनाले. मी गप बसलो." शाहीर थांबले. त्यांनी माझा दंड आणखी घट्ट धरला. "रोग झाला म्हन्ल्यावर लोक इसरत्यात. वैऱ्यानं घात केला म्हन्ल्यावर इसरत न्हाईत. मला त्ये बरं वाटलं."

ही ओळ उचलताना माझा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मला शाहिरांचा राग आला होता, फार आला होता. आणि त्यांना तिथं तसं उभं बघून रडूही आलं होतं. दोन्ही एकदम आलं. शिंपी तर सोंगाचा फेटा हातात घेऊन उघड उघड रडत होता.

आता दीपमाळेशी बसलेले म्हातारे उठले. मला वाटलं, येतील, गळ्यात पडतील, वग गोड होईल. ते तिथंच उभे राहिले. आमच्या शाहिरांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याशी बोलले.

"गड्या, बायकांच्या बाजूला ऐकू गेलं न्हाई. तिकडं तोंड करून सांग."

मी शाहिरांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी बायकांकडं वळलो आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता. पुढच्या रांगेत माझी बहीण होती. ती पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. तिच्या शेजारच्याही खालीच बघत होत्या.

मी थांबलो, तेव्हा अगदी मागून, भिंतीलगतची एक बाई उठली. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, अंगावर जत्रेचं ठेवणीतलं लुगडं. तिनं कट्ट्याकडं पाहिलं नाही, दीपमाळेशी उभ्या नवऱ्याकडंही नाही. समोर बसलेल्या बायकांच्या पाठींवरून तिनं नजर फिरवली.

"ऐकलंसा का गं समद्यांनी?" ती म्हणाली.

कुणी मागं वळलं नाही. ती उत्तरासाठी उभीच राहिली.